चहाच्या ट्रॉलीवाली

कंडक्टरीणबाईंचा खुबा गेला होता, तोंड मात्र शाबूत होतं. जन्मभर हलत्या बसमध्ये कशालाही न धरता तिकिटं फाडलेली बाई! ती आता वृद्धाश्रमात भिंती धरत चालायला लागली, तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणजे खिडकीजवळचं टेबल, बरं का. तिथे त्या, मास्तरीण आणि बँकवाली अशी तिघींची गट्टी. दिवसभर चकाट्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल. ज्याच्या हाती वॉकर आला, त्याचं ताट मोठ्या हॉलमधून गुपचूप आतल्या खोलीत जायचं. नियमबियम काही नव्हता हो. "वाटेत अडचण होते," एवढंच. अशा माणसाची पाठवणी करायला कंडक्टरीणबाई सगळ्यांत पुढे. "चला, उतरा! तुमचा स्टॉप आला!" की टेबल खो खो हसायचं.

आणि मग त्यांचाच खुबा कुरकुरायला लागला.

पण बाई वस्ताद! मॅनेजरला म्हणाल्या, "चहा, जेवणाचं पाणी, सगळं मीच वाटते. बसून बसून गंज चढतोय." ट्रॉलीच्या दांड्यावर भार टाकला की पाय कसे मुकाट चालायचे. शेवटी ट्रॉली खिडकीपाशी लावायची आणि हळूच खुर्चीत टेकायचं. कुणाला पत्ता नाही. उलट मास्तरीण म्हणायची, "काय गं ही हौस या वयात!"

ही हौस मॅनेजरच्याही डोळ्यांत भरली. एका संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मावशी फार राबल्या. आजपासून ट्रॉली ही कामावरची नवी मुलगी ढकलेल. मावशी, तुम्ही राणीसारखं जाऊन बसा!"

टाळ्या पडल्या. मुलीने ट्रॉली ओढून घेतली.

"राहू दे गं, मला आवडतं."

"असं कसं मावशी, साहेब ओरडतील मला."

दारापासून खिडकीपर्यंत नुसती फरशी. बाईंनी एका खुर्चीची पाठ धरली, मग दुसरीची. तिसरीवरचे आजोबा नेमके तेव्हाच उठले. खुर्ची आणि बाई, दोघी आडव्या.

हाड मोडलं नाही. मास्तरीण मात्र बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अगंबाई! कधीपासून गं हे? पत्ता लागू दिला नाहीस!"

दुसऱ्या दिवशी बाई वॉकर घेऊन घामाघूम होत खिडकीपाशी पोचल्या. त्यांच्या खुर्चीवर बँकवालीची पिशवी.

"कुणी बसतंय इथे?"

"वरच्या मजल्यावर त्या नवीन आल्यात ना, त्या येणारेत." बँकवाली पिशवीशीच बोलत होती. "आणि तुझं ते ठेवणार कुठे? अडचण होईल गं."

मास्तरीण खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आतल्या खोलीत भरदिवसा ट्यूबलाइट. चाकाच्या खुर्चीतल्या एका आजींनी शेजारी जागा केली. बाई दाराजवळच टेकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी आपली थोड्या दिवसांपुरतीच आहे इथे."

"मीपण तशीच आले होते," आजी म्हणाल्या. "किती वर्षं झाली, मोजायचं सोडलंय. जेव, गार होतंय."

बाईंनी वॉकर पाठीमागे सरकवला, हॉलमधून कुणाला दिसू नये म्हणून. हॉलमधून कुणी बघतच नव्हतं.