चार डिस्क पुण्यात, एक बडनेऱ्यात

बडनेऱ्याच्या फलाटावर आईनं स्टीलचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मांडीवरच ठेवजो. खाली ठेवू नको." वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा अशाच डब्यात दशम्या होत्या. या वेळी टॉवेलांत गुंडाळलेल्या हार्ड डिस्क होत्या आणि त्यांच्यात बाबांचं आयुष्यभराचं शूटिंग.

बाबा लग्नांचे व्हिडिओ काढायचे. अमरावती, चांदूर रेल्वे, पार बार्शीटाकळीपर्यंत. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा मी सुट्ट्यांमध्ये येऊन त्या संगणकावर उतरवल्या आणि घरातच एक सर्व्हर उभा केला. डिस्क पाच, पण साठा एकच. फाइलचे तुकडे पाचही जणींत वाटलेले असतात आणि गणित असं मांडलेलं असतं, की एक डिस्क गेली तरी उरलेल्या चौघी तिचा वाटा भरून काढतात. हे मी आईला ती भाकरी थापत असताना समजावलं होतं. ती हूं हूं करत होती.

आमच्या भागात शेतीनं माणसं खाल्ली, त्या वर्षांत बाबांची गिऱ्हाइकं बदलली. लोक पूर्वी स्वतःच्या लग्नाची कॅसेट मागायला यायचे, ते आता दुसऱ्यांच्या लग्नात आपलं गेलेलं माणूस शोधायला येऊ लागले. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातल्या शोभाकाकू त्यातल्याच. नवरा गेला तेव्हा मुलगी पूनम सहा महिन्यांची होती. कुण्या सोयऱ्याच्या लग्नात तो पंगतीला बुंदी वाढतोय, एवढंच त्याचं हलतं-बोलतं चित्र. अकरा सेकंद. काकू वर्षातून एकदा येऊन ते पाहून जायच्या, मुलीला मात्र कधी आणलं नाही. पूनमचं लग्न ठरलं आणि तिनंच वडिलांचा आवाज ऐकायचा हट्ट धरला. बाबा म्हणाले, "हळदीच्या आधी देतो." आठच दिवसांत लोडशेडिंग संपून वीज आली ती अशा झटक्यानं, की सर्व्हरचा बोर्ड जळला. कॅसेटी तर कधीच फेकल्या होत्या.

म्हणून मी डिस्क घेऊन निघाले. पुण्यात, माझ्या फ्लॅटमध्ये, नवं मशीन तयार होतं. डबा उघडला तर चार टॉवेल, चार डिस्क. बॅग उलटी केली, पाचवी नाही. चारांवर भागलं असतं, पण प्रवासात आणखी एखादी हादरली असेल तर अकरा सेकंदच काय, सगळंच गेलं.

कोणती डिस्क कोणत्या खाचेत होती, हेही मी लिहून घेतलं नव्हतं, आणि बाबांनी दर दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवानं वरचे आकडे बुजले होते. गंमत अशी, की त्याची गरजच नसते. मी कोणत्या साठ्यातली आणि माझ्यासोबत आणखी कोण, हे प्रत्येक डिस्कवर आतच लिहिलेलं असतं. चारी लावल्या. मशीननं कुरकुर केली, की हा साठा दुसऱ्या संगणकाचा आहे आणि त्यानं तो रीतसर सोडलेला नाही. जळका बोर्ड काय सोडणार? मी जबरदस्तीनं उघडायला सांगितलं. पडद्यावर साठ्याचं नाव आलं, बडनेरा, आणि खाली: एक गैरहजर, बाकी ठीक. आधी ते अकरा सेकंद उतरवून घेतले, मग आईला फोन लावला.

"कपाटात हाये," ती शांतपणे म्हणाली. "ज्वारीची कोठी झाडून रिकामी करते काय कोनी? तळाशी पसाभर ठेवतोच ना आपन. पाचही नेल्या असत्या तं घरात काय राह्यलं असतं? अन् तूच तं म्हनली होती, एक नसली तरी चालते."

चिडायचं तरी कशावर? गणित तिचं बरोबर होतं. पहिल्यांदा निघाले तेव्हा मी सगळं उचलून नेलं होतं, पुस्तकं, मार्कशीटं, शाल, परत यायला निमित्त उरू नये इतक्या ईर्ष्येनं. तुमच्यातलेही काही असेच निघाले असतील. तेव्हा तिनं माझं काय ठेवून घेतलं होतं, हे मी आता विचारलं. "तुई जुनी चप्पल," ती म्हणाली. "तू नवी घालून गेली ना."

पाचव्या खाचेत मी नवी डिस्क लावली. अर्ध्या दिवसात चौघींनी तिचा वाटा भरून दिला. कपाटातली आता एकटी काहीच सांगू शकणार नाही, तिच्यावर नुसते तुकडे आहेत, हे मी आईला सांगितलं. "असू दे," म्हणाली.

हळदीच्या चार दिवस आधी क्लिप पूनमच्या फोनवर पाठवली. "घ्या ना भाऊ, लाजता काहून," एवढंच तो माणूस त्यात बोलतो. दहा मिनिटांत तिचा फोन आला. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "ताई, बाबा डावखोरे होते काय?"

मी पुन्हा पाहिलं. बादली उजव्या हातात, पळी डाव्या. पूनम स्वतः डावखोरी, आजीच्या शिव्या खात वाढलेली. मागून शोभाकाकूंचा आवाज आला, "होते ना, बाई. सांगाचंच राहून गेलं तुले."

बाबांना हे कळवलं तर म्हणाले, "आपन तं तोंडच पाह्यत होतो." त्यांनी ते स्वतः टिपलं, इतकी वर्षं लावून दाखवलं, आणि त्यांनाही दिसलं नव्हतं.

अख्खं घर उचलून आणलं, असं मला डिस्क जोडताना वाटलं होतं. शेकडो लग्नं माझ्या टेबलाखाली घरघरत असतात, पण त्यांतलं माणूस ओळखायला मला तिकडेच विचारावं लागतं. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलंय, आणि ते मला पुरतं. दर रविवारी मी एक लग्न आईबाबांच्या फोनवर पाठवते, एकेका चेहऱ्यावर थांबून विचारते, हा कोण, ती कोण. ते सांगतात, मी लिहून घेते.

मागच्या रविवारी मांडवाच्या खांबाला धरून एक मुलगी उभी दिसली, दोन वेण्या, कॅमेऱ्याकडे रागानं बघणारी. मी विचारलं, ही कोणाची?

आई म्हणाली, "आमचीच."