दमा कोणाच्या घराण्यातला

तक्रारदार : मी, जळगावच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिणारा. सामनेवाले : धुळ्याकडील माझे व्याही. घटनेची तारीख : मुलीच्या लग्नानंतरचा दुसरा पौष. साक्षीदार : माझी आई, थोरले बंधू व मुलीचे मामा; पैकी एकासही आजवर धाप लागलेली नाही. नावे अब्रूखातर देत नाही.

त्या पौषात, मुलीस घेऊन जा, असा निरोप आला. गेलो तो ती ओसरीच्या खांबाला टेकून, खांदे वर ओढीत श्वास घेत होती. मला पाहून ‘या’ म्हणण्याइतकाही दम तिच्यात नव्हता.

व्याही म्हणाले, "नाना, तुमनं बेणंच दमानं शे. सोयरीक करताना सांगं नही तुम्ही."

रोगट केळीच्या बेण्याबद्दल शेतात बोलावे, तसे ते माझ्या रक्ताबद्दल बोलले. मी तिची निजण्याची खोली पाहिली. भाव चढेपर्यंत राखलेला कापूस आढ्याला टेकला होता. उरलेल्या चिंचोळ्या जागेत तिचे अंथरूण. गोधडी उचलताच कापसाचे बारीक तंतू उडाले आणि मलाही ठसका लागला.

"बठ्ठं गाव कापूसवर निजस," विहीणबाई म्हणाल्या, "मंग हिलेच कसा दमा व्हयना?"

मुलीस घरी आणून हाच प्रश्न मी जळगावच्या डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "दम्याला घराणे लागतेच असे नाही. धूळ सगळ्यांच्या नाकात जाते, छाती एखाद्याचीच चिडते. आधी मोठा खोकला झाला होता का?" झाला होता, दिवाळीच्या सुमारास. त्यातून ती उठली आणि तशीच त्या खोलीत निजू लागली. माझ्या घरी चैत्रापर्यंत ती विहिरीवरून घागर आणू लागली.

हे सारे मी व्याह्यांना जाऊन सांगितले.

"डाक्तर तुमना गावना, तुमनंच बोलस."

"ते राहू द्या. खोली तेवढी रिकामी करा."

"कापूस कोठे ठेऊ मंग? तुमना कचेरीना ओटावर?"

ओसरीवरचे सारे हसले. माझ्या लेखणीने परक्यांच्या जमिनी सुटल्या आहेत. पोटच्या मुलीला मात्र नवऱ्याच्या घरी हातभर स्वच्छ जागा मिळवून देता आली नाही. आता तिच्यावर सवत आणण्याची बोलणी चालली आहेत, आणि कारण म्हणून माझेच घराणे सांगितले जाते.

सबब मागणे इतकेच : कापूस हलवून मुलीस नांदवणार की नाही, याचा सामनेवाल्यांनी पंचांसमक्ष खुलासा करावा, आणि ‘बेणे’ हा शब्द ज्या ओसरीवर उच्चारला, त्याच ओसरीवर परत घ्यावा.