चौथीपासून सुरुवात करणाऱ्या मार्था टीचर

मार्था टीचरनी माझ्या नववीतल्या मुलीला चौथीचा भागाकार करायला बसवलं होतं.

त्या मार्था टीचर आज पहाटे गेल्या.

माझं माहेर वसईजवळच्या निर्मळचं. तिथल्या शाळेत टीचरनी मलाही गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर त्या आपल्या घराच्या ओट्यावर मुलांना घेऊन बसायच्या. समोर केळीची बाग, भिंतीला टेकवलेला फळा आणि नियम एकच: खोडरबर आणायचं नाही.

"चूक खोडलीस तर मला दिसणार कशी?"

आम्ही राहतो विरारला. इशा आठवीपर्यंत मजेत होती. नववीत तिला एका मोठ्या क्लासला घातलं. त्यांनी मार्कांवरून बॅचेस पाडल्या आणि इशा शेवटच्या बॅचमध्ये गेली.

त्यानंतर प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच ती म्हणायची, "मला नाही जमणार."

एके दिवशी जेवताना अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मी, मी दहावीला बसणार नाही."



मग मी सगळं करून बघितलं. मोबाईल काढून घेतला. नवीन मोबाईल देते म्हटलं. मोटिव्हेशनचे व्हिडिओ लावले. ते बघून मलाच जोश आला, तिला झोप आली.

शेवटी स्कूटरवर बसवलं आणि टीचरकडे नेलं.

"टीचर, पोरगी हुशार आहे हो, फक्त कॉन्फिडन्स नाही."

टीचरनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. इशाला जवळ बसवलं. "गणित कधीपर्यंत आवडायचं तुला?"

ती बोटांवर इयत्ता मोजत गेली. मग म्हणाली, "चौथीपर्यंत."

"चल तर. चौथीपासून."

माझं डोकंच फिरलं. "टीचर, नववीची फायनल तोंडावर आलीय!"

"परीक्षा तुझी आहे काय?"

"नाही."

"मग आत जा आणि चहा ठेव. मला बिनसाखरेचा."

ठेवला चहा. काय करणार? टीचरपुढे माझं कधीच काही चाललं नाही.

आठवड्याभरात इशाची गाडी कुठे अडत होती ते सापडलं. भागाकार करताना उत्तरातलं मधलं शून्य ती गाळत होती. इतकी वर्षं! पुढची सगळी गणितं त्यामुळे कुठेतरी गडबडायची आणि तिला वाटायचं आपलं डोकंच चालत नाही.

टीचरनी चूक सांगितली नाही. फक्त विचारलं, "सहाशे बारा केळी, सहा टोपल्या. एकेका टोपलीत बाराच?"

इशा वहीकडे बघत राहिली आणि खुदकन हसली. "टीचर, बाकीची कोणी खाल्ली?"

किती महिन्यांनी तिला वहीसमोर हसताना बघत होते मी.

टीचर कधी शाब्बास म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "हे तू केलंस. कसं केलंस ते सांग." मग पोरीने फळ्यापाशी उभं राहून सगळ्यांना समजावून सांगायचं. आधी पुटपुटायची. नंतर तिचा आवाज आत स्वयंपाकघरात मला ऐकू यायला लागला.

मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "सारखं हुशार हुशार म्हणून घाबरवून ठेवलंयस तिला. गणित अडलं की तिला वाटतं, आता आपण हुशार राहिलो नाही."

मला हे कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. झोंबलं. पण पटलं.

नववी पास झाली. मार्क काही पेपरात फोटो यावा असे नव्हते. पण दहावीला बसायचं की नाही हा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

या दिवाळीनंतर टीचर आजारी पडल्या. तरी इशा जात राहिली. पलंगाशेजारी बसून गणित सोडवायची, मोठ्याने बोलत. टीचर डोळे मिटून ऐकायच्या. चुकलं की नुसतं एक बोट वर करायच्या.

आज इशाचा दहावीचा गणिताचा पेपर होता.

पहाटे टीचरच्या सुनेचा फोन आला. "टीचर गेल्या गं. पण इशाला पेपर झाल्यावरच सांग."

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तोंड धुतलं, पोहे केले, देवाला हात जोडायला लावले, हसत हसत सेंटरवर सोडलं. मनात एकच धाकधूक, हिला कळलं तर ही गेटवरूनच परत फिरेल. सेंटरवरच्या कोणा मैत्रिणीने सांगितलं तर?

पेपर सुटला. ती बाहेर आली. सांगायचं कसं याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच म्हणाली,

"मम्मी, चल. चारला चर्चमध्ये टीचरसाठी मिस्सा आहे. वाटेत फुलं घेऊ."

"तुला कोणी सांगितलं?"

"ओट्यावरच्या मुलांच्या ग्रुपवर सकाळीच मेसेज आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घाबरली असतीस. मला पेपरला जाऊच दिलं नसतंस."

"आणि पेपर?"

"एक गणित अडलं. तेव्हा खूप रडू आलं. मग ते सोडून पुढे गेले, पाणी प्यायले, शेवटी परत त्याच्याकडे आले. सुटलं."

मी तिथेच, सगळ्या आयांच्या गर्दीत, हमसून रडले. पोरीनेच मला धरलं, स्कूटरची चावी शोधून हातात दिली.

कबरीत मूठभर माती टाकताना मात्र ती लहान मुलीसारखी रडली. मी तिला थांबवलं नाही.

टीचर, तुमची इशा आज सगळं माहीत असूनही एकटी आत गेली आणि पेपर पूर्ण लिहून आली.

आता निवांत झोपा.

आम्हा दोघींचा तुम्हाला मनापासून अखेरचा नमस्कार.