निन्फाने झाकलेला डोळा

ग्वायाकिल शहरातल्या आमच्या टेकडीवर खांबावर चढणारी बाई एकच, निन्फा. बँकेची आपोआप उघडणारी दारं, चोर आला की वाजणाऱ्या घंटा, रस्त्यावरचे दिवे, जिथे जिथे उजेडाचा सेन्सर, तिथे तिलाच बोलावणं. तोंडाने फटकळ, पण कामाला पक्की.

आमच्या गल्लीच्या दिव्यावरही असाच बोटभर डोळा आहे. त्यावर उजेड पडला की त्यातून वीज सहज वाहते आणि आतलं बटण दिवा विझवतं; अंधार झाला की ती वीज अडते आणि दिवा लागतो. चूसोच्या टोळीला हे निन्फाइतकंच ठाऊक. कुणाला मारायचं असलं की ते डोळ्यावर हिरवा लेझर रोखायचे. डोळ्याला वाटायचं, दिवस उजाडला. दिवा गेला की आम्ही पोरांना खाटेखाली ढकलायचो. असे चौघे मेले. आम्ही पडद्याआड गप्प, सांगायला लाज वाटते.

पाचवा नंबर निन्फाच्या मुलाचा, हाइरोचा होता. कोळंबीच्या कारखान्यातल्या या पोराने टोळीत यायला नकार दिला होता.

त्याची पाळी आल्याचं कानावर आलं, त्या दिवशी दिवेलागणीच्या जरा आधी निन्फाने वर चढून डोळ्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. हाइरो वळणावर आला, लेझर लागला, दिवा काही विझला नाही! पिस्तूलवाल्यांचे चेहरे लख्ख दिसले, तसे ते पळाले. पहाटे तिने पोराला दूरच्या क्वेंका गावाच्या बसमध्ये बसवलं.

या धावपळीत पट्टी काढायची राहिली. भर उन्हात दिवा जळत होता. हे काम कुणाचं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

चूसोने तिला केस धरून खांबापाशी ओढत आणलं.

“निन्फाबाई, पोरगं कुठंय?”

“तुझ्या आईला विचार.”

त्याने पान्याने तिच्या उजव्या हाताचं एक बोट ठेचलं.

“कुठंय?”

“अजून चार आहेत. मोजता येतात ना, गाढवा?”

चारही ठेचली. ती किंचाळली, पण गावाचं नाव तोंडातून निघालं नाही. सगळ्या खिडक्या बंद होत्या, माझीसुद्धा.

हाइरो दर रविवारी फोनवर आईला बघायचा. ती फक्त चेहरा दाखवायची.

“आई, येऊ का गं घरी?”

“कशाला? तुझ्यावाचून काय अडलंय इथे?”

पोरगं रुसलं. गेल्या रविवारी त्याचा फोन आला नाही. निन्फा डाव्या हातात फोन धरून दिवसभर बसून होती.