दुसरी स्टेपनी

कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं उरकली की बाबा खळ्यात पोतं अंथरायचे आणि गाडीचं एकूण एक सामान त्यावर मांडायचे. जॅक, टॉमी, पक्कड, लहानमोठे पाने, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, फॅन बेल्ट, क्लचची केबल, रेडिएटरचे पाइप. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, बाइंडिंग वायरचं भेंडोळं आणि कागदात गुंडाळलेली अंगाच्या साबणाची वडी. हा साबण अंघोळीसाठी नव्हे. दगड लागून पेट्रोलची टाकी झिरपायला लागली, तर चिरेवर तो दाबून घासायचा, म्हणजे गाव गाठेपर्यंत निभावतं.

बाबा मिरजोळ्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. "ती वस्तू शिल्लक नाही" हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागायचं. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, आणि जुन्या गाडीत काय बिघडेल ते तिलाही आधी ठाऊक नसतं असं ते म्हणत. शेजारचे गृहस्थ गडग्यावरून वाकून विचारायचे, "काय हो, गाडी नेताय की गाडीचे तुकडे?"

"दोन्ही," बाबा मान वर न करता म्हणायचे. "एक बिघडली की दुसरी जोडू."

सामान भरायची त्यांची रीत उलटी होती. वाटेत जे सगळ्यात आधी लागेल ते सगळ्यात शेवटी आत जायचं. म्हणजे डिकीच्या तळाशी ट्यूब नि पाइप, वर मावशीकडच्या आंब्याच्या पेट्या, आणि हाताशी पान्यांची गुंडाळी. ही गुंडाळी आईने शिवलेली. बाबांच्या खाकी पँटचं कापड उसवून तिने जमिनीवर पसरलं, त्यावर पाने ठेवून कडेने खडू फिरवला, आणि प्रत्येक पान्याला त्याच्या अंगाचा खिसा केला. वर लाल दोऱ्याने मापंही काढली: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. बाबा बॉनेटखाली डोकं घालून हात मागे करायचे आणि "बारा-तेरा" म्हणायचे. मी न बघता तो काढून त्यांच्या हातात द्यायचो. एखाद्या मुलाला आपण उपयोगाचे आहोत असं वाटायला आणखी काय लागतं?

गाडीत पुढे बाबा आणि धाकटे काका. काकांना धक्का मारायला न्यायचे, असं काका स्वतःच सांगत. मागे एका खिडकीशी ताई, दुसऱ्या खिडकीशी मी, आणि मधे दुसरी स्टेपनी. पहिली डिकीत असायचीच. पण एका वर्षी साखरप्याच्या अलीकडे लागोपाठ दोन चाकं बसली, नि त्यानंतर बाबांनी दुसरी घेतली. डिकीत पेट्या असल्यामुळे ती सीटवर यायची. सीट काळी होऊ नये म्हणून आईने तिला आपली एक विटकी साडी गुंडाळून दिली होती. काका मागे वळून बघायचे आणि आईला हाक मारायचे, "वहिनी, तुमच्या साडीत ही तुमच्यापेक्षा मुकाट बसते हो!"

आई दारात उभी राहून हसायची. ती कधी आली नाही. कारण आईला गाडी लागते. नातेवाइकांत, शेजारी, सगळ्यांना ते माहीत होतं. कुणी आग्रह केलाच तर आई स्वतःच म्हणायची, "नको गो, मला लागते."

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा मी बोललो. ते खोटं होतं. गेल्या हिवाळ्यापर्यंत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

झालं असं. दुसरी स्टेपनी घेतली त्याच्या पुढच्या मे महिन्यात बाबा असेच खळ्यात बसले होते. ती स्टेपनी उचलून त्यांनी जरा वेळ हातात तोलली आणि कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "ही या वेळी घरी ठेवली तर? तुमची आई बसेल मधे. बहीण तिची, आणि आपणच जातो दर वर्षी." मागच्या वर्षी घरात म्हैस व्यायला झाली होती म्हणून आईचं जाणं राहिलं, त्याच्या आदल्या वर्षी आणखी काही. आई ओल्या हातांनी बाहेर आली. ती हात पुसायची थांबली. दोरीवर तिची निळी साडी वाळत होती. ती साडी सहसा लग्नाकार्यालाच बाहेर निघे. म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालेलं असणार.

मी म्हणालो, "आईला गाडी लागते ना."

बाबा म्हणाले, "कधी लागली? एसटीतून गेली होती की कोल्हापूरला."

"एसटीत वारा असतो. आपल्या गाडीत पेट्रोलचा वास येतो. एका लग्नाहून येताना जीपमध्ये उलटी झाली होती तिला."

झाली होती. एकदाच, ताप असताना. खोटं बोलायला खऱ्याचा एवढासा तुकडा पुरतो. बाबांनी आईकडे बघितलं. "होय गं? मग घाटात कसं व्हायचं?"

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. भात शिजला का हे शितावरून बघतात, तसं.

"होय," ती म्हणाली. "लागते मला." आणि दोरीवरची साडी काढून आत गेली. बाबांनी स्टेपनी मागच्या सीटवर ठेवली.

मग वर्षानुवर्षं आम्ही तसेच गेलो. आणि ते प्रवास फार सुंदर होते. असं लिहायला नको, पण आता आणखी खोटं कशाला? पाली मागे पडली की बाबा गुणगुणायला लागायचे. आंबा घाटात, अर्ध्या चढावर, गाडी हमखास गुदमरून थांबायची. इंजिन तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची. मग काका चाकाला दगड लावायचे, मी पाण्याचा डबा आणि आईच्या जुन्या लुगड्याचा फडका घेऊन उतरायचो. तो भिजवून पंपावर ठेवला की चर्र असा आवाज व्हायचा. आता गाडी निवेपर्यंत बसायचं. कठड्याशी बसून आम्ही डबा उघडायचो. आईने पहाटे उठून केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, ओल्या खोबऱ्याची चटणी, तळलेले फणसाचे सांडगे. खाली दरी, वर गार वारा. काका जोरात ढेकर द्यायचे आणि दरीला ऐकू गेला का ते विचारायचे. ताई हसून हसून लोळायची. इतकं मोकळं हसू मी पुढे फारसं ऐकलं नाही. मधेच फडका वाळला का बघायला बाबा उठायचे, आणि त्या फडक्याचे काठ बघून मी हातातली भाकरी खाली ठेवायचो.

मावशीच्या दारात गाडी थांबली की ती आधी मागच्या सीटकडे बघायची.

"अक्का न्हाई आली व्हय?"

"तिला गाडी लागते," काका सांगायचे.

"तिला? लहानपणी एसटीच्या शेवटच्या सीटवर उड्या मारीत जायची की ती पावसला!" मावशी म्हणायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिचं बोलणं पार तिकडचं झालं होतं. ताई माझ्याकडे बघायची आणि मी पेट्या उतरवायला धावायचो.

आई पुढे गेली कोल्हापूरला, नाही असं नाही. लग्नाला, बारशाला, एसटीने, एकटी. गाडीत मात्र बसली नाही. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही.

आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. ताई मुंबईला असते. गाडी माझ्याकडे आहे. अधूनमधून पावसपर्यंत किंवा बाजारात नेतो, लोक फोटो काढतात. गेल्या हिवाळ्यात मावशी न्हाणीत पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. फोनवर तिचा आवाज ऐकून आई म्हणाली, "मला तिला बघायचंय. ती उठायची नाही आता." आईचे गुडघे एसटीची पायरी चढण्यापलीकडे गेले आहेत. ताई फोनवरून म्हणाली, "चांगली एसीची गाडी कर भाड्याने. घाट आहे, तिला लागेल." फोन हातात असतानाच आईने माझ्याकडे बघून विचारलं, "बाबांची गाडी चालत नाही काय?"

चालते, म्हणालो. ती त्या गाडीत, त्या घाटातून, आणि मी गप्प. हे मला जमणारं नव्हतं.

आदल्या दिवशी मी पोतं अंथरलं. आई खुर्ची घेऊन खळ्यात बसली आणि गुंडाळी मांडीवर उलगडली. लाल दोरा विटून गुलाबी झालाय. मापं बोटाने चाचपत ती म्हणाली, "चौदा-पंधरा खंय गेला?"

"माझ्या हातात."

"मग ठेव जागेवर. हा बेल्ट जुनाच घेतलास?"

"नवा बसवलाय. जुना जादा म्हणून घेतलाय."

"असू दे."

मी दुसरी स्टेपनी उचलली आणि पडवीच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली.

"ती का काढलीस?"

"जागा होईल तुला."

"जागा कशाला? दोघंच तर आपण." ती हसली. "तिलाही बसू दे की. तिची सवय मोडेल."

मी पोत्यावर बसलो. पान्याला ग्रीस नव्हतं तरी पुसत राहिलो. मग म्हणालो, "आई, तुला गाडी लागते हे मी सांगितलं होतं. तुला माहितीय ना, मी खोटं बोललो ते?"

"माहिती नसायला काय झालं? पोट माझं."

"मला खिडकी हवी होती. लहान होतो. म्हणून बोललो."

इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. लहान होतो, खिडकीसाठी हट्टी होतो. आईने गुंडाळीवरून नजर काढली.

"खिडकी तुझी होतीच. मधे मी बसते नाहीतर स्टेपनी. तुझी खिडकी कोण घेत होतं?"

हा एवढा साधा हिशेब माझ्या कधी डोक्यात आला नव्हता, किंवा मी तो येऊ दिला नव्हता.

"तुला माझी लाज वाटायची," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिच्यासाठी ती एक जुनी, ठाऊक असलेली गोष्ट होती. "मावशीच्या गल्लीतली पोरं मला हयसर-तयसर करून चिडवायची. तेव्हा तू मान खाली घातलीस. मी बघितलं."

गाडी यायच्या आधी आम्ही एसटीने मावशीकडे गेलो होतो, तेव्हाचं हे. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट चाललं होतं. आईने दारातून हाक मारली, "रे, हयसर ये, जेवान झाला!" आणि सगळी गल्ली तिच्या चालीत ओरडायला लागली. दोन दिवस मला कुणी नावाने हाक मारली नाही. हयसर म्हणत. हयसर म्हणजे इथे, तयसर म्हणजे तिथे, आमच्या बोलीत. आई पुन्हा दारात येऊन हाक मारेल या धास्तीने मी जेवायच्या वेळेआधीच घरात जाऊन बसायचो. स्टेपनी बाबांच्या हातात तोललेली असताना माझ्या डोळ्यांपुढे ती गल्ली होती. खिडकी नव्हती.

"होय," मी म्हणालो.

तिने गुंडाळीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"सांगायचंस रे तेव्हाच," ती म्हणाली. "मी तयसर कमी बोलले असते."

मला वाटत होतं ती रागावेल, किंवा म्हणेल जाऊ दे, लहान होतास. दोन्हीची माझी तयारी होती. याची नव्हती. मी तिथेच पोत्यावर, त्या सगळ्या जादा सामानात तोंड लपवून रडलो. तिने उठवलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ऊन उतरलं. भर लवकर."

सकाळी ती पुढच्या सीटवर बसली. घाटात गाडी एकदा थांबली तेव्हा खाली उतरून, कठड्याला धरून, वाकून दरी बघत राहिली. "एवढी खोल असेल असं वाटलं नव्हतं," म्हणाली. एसटीत तिला नेहमी आतली जागा मिळायची.

मावशी कॉटवर उताणी होती, पिसासारखी हलकी. दोघी हात धरून रडल्या. मग मावशीने डोळे पुसले आणि विचारलं, "गाडी लागली न्हाई न्हवं, अक्का?"

"लागली गो जराशी," आई पटकन म्हणाली. "घाटात."

मला वाचवायला. अजूनही. सून चहा घेऊन उभी होती, मावशीचा मुलगा होता, सगळे बघत होते. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही लागली," मी म्हणालो. "मावशी, तिला कधीच लागत नव्हती. तिने तुमच्याकडे येऊ नये म्हणून मी खोटं सांगितलं होतं. मला तिच्या बोलण्याची लाज वाटायची."

मावशी माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मग दर वर्षी मी हिच्यासाठी आवळासुपारी करून तुमच्याबरोबर लावून द्यायची," ती म्हणाली. "बरणीच्या बरणी. गाडी लागू नये म्हणून. ती कुठं गेली?"

"मीच खाल्ली," आई म्हणाली. "माजघरात बसून. तुम्ही सगळी हयसर असायचात, मला दुसरं काम काय होतं?"

मावशीला हसू आलं आणि हसताना कंबर दुखली. "हसवू नको गं बाई," ती कळवळून म्हणाली, आणि आईचा हात घट्ट धरून, इतक्या वर्षांत तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नव्हती अशा त्यांच्या माहेरच्या बोलीत तिला विचारलं, "मेली तयसर बरी तरी लागायची काय गो?"

"मीठ कमी असायचा," आई म्हणाली.