इथं असलं वारं होत नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, घरातसुद्धा नाही. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात मी जमिनीला टेकलेली वादळाची सोंड उघड्या डोळ्यांनी पाहिली, आणि चारचौघांत विचारल्यावर काही दिसलं नाही म्हणालो. माझ्या माथेरानच्या सहलीचं वर्णन तेव्हा एका साप्ताहिकात छापून आलं. त्यात घोडे होते, छोटी गाडी होती. हा दिवस नव्हता. तो आता लिहितो.

आणीबाणीच्या आधीचा एक वैशाख. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवत असे. माथेरानला महादू घोडेवाल्याचा घोडा भाड्यानं केला होता. महादू एका दिवसासाठी घरी निघाला होता. आमच्या गावची भाकरी खाऊन जा, असा आग्रह त्यानं धरला. नेरळहून कर्जत, तिथून एस.टी.नं खालापूरच्या रस्त्यावर उतरलो, पुढे पाऊलवाट. दोन्ही बाजूंना राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) काळे पडले होते. वारा पडलेला. डोंगरामागून ढग चढत होते आणि त्यांचा रंग मला बरा वाटेना. मुका मार लागल्यावर कातडी होते तसा हिरवट-काळा. महादू म्हणाला, वळीव यील आन् जाईल.

त्याचं घर कौलारू. मधे नुसतं कुडाचं कुंपण, आणि पलीकडे त्याच्या विधवा भावजयीचं, भागीबाईंचं घर. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढ्यात आली. भागीबाईंनी कुंपणावरून पळसाच्या द्रोणात करवंदं दिली आणि तिथंच गप्पांना उभ्या राहिल्या. काय शिकवता, हे त्यांनीच विचारलं. मी वाऱ्यांबद्दल बोलू लागलो: अमेरिकेत ढगातून सोंड उतरते, घराचं छप्पर उचलून नेते.

"सासूला पन नेतं का वो?" भागीबाई म्हणाल्या.

पडवीत सुपारी कातरत बसलेल्या म्हाताऱ्या सासूनं, महादूच्या आईनं, मान वर न करता विचारलं, "मला नेलं तर तुला शिव्या कोन घालील गं?"

सगळे हसलो. मग महादूनं विचारलं, तसलं आपल्याकडं येतं का. माहीत नाही असं म्हणायची शिक्षकाला सवय नसते. त्याला तिकडची सपाट मैदानं लागतात, मी ठासून सांगितलं. आपल्याकडे फार तर बंगालच्या बाजूला. इथं असलं वारं होत नाही.

निरोप घेऊन निघालो. बांधावर चपलेचा अंगठा तुटला, तो नीट करत बसलो. आधी आवाज आला, भाताच्या गिरणीत उभं राहिल्यासारखा. मान वर केली. ढगातून राखाडी सोंड लोंबत होती. एका राबावर ती टेकली आणि राख ओढून घेत खालून काळी होत गेली. फळ्यावर मी जिची आकृती काढायचो तीच. मी बांधाखाली पालथा पडलो. उठलो तेव्हा ती नव्हती, आणि गावाकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

धावत परत गेलो. महादूचं छप्पर गेलं होतं, कौलं शेतात पसरली होती. आढं कोसळून म्हातारीची कंबर मोडली होती. तिला बाजेवर घालून खालापूरला न्यायची धावपळ चालली होती. कुंपणापलीकडे भागीबाईंचं एक कौलसुद्धा हललं नव्हतं. अशी सोंड एक घर घेते आणि शेजारचं ठेवते. तिथं हे ठाऊक असलेला मी एकटा होतो.

अंगणात गाव जमलं. सासूला नेण्याची थट्टा कुणीतरी आठवून सांगितली. भुताळी (करणी करणारी बाई) हा शब्द आधी हळू आला, मग मोठ्यानं. जेवताना वैनी वैनी करणारा महादू तिच्याकडं न बघता बोलला, "मास्तरांनीच सांगितलं, हितं असलं वारं होत नाय. शिकलेला मानूस हाय. मग माझं घर उचाललं कुनी?"

भागीबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमच्या अंगावर राख हाय. तुमी बांधावर व्हता. काय बघितलं ते सांगा यांना."

मारहाणीची भीती नव्हती असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. मघाशी दिलेलं ज्ञान त्याच माणसांसमोर मागं घेणं मला जमेना.

"धुळीत काही दिसलं नाही," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाय दिसलं तर नाय."

दिवस मावळायच्या आत तिनं घर सोडावं, असं ठरलं. मी बाजेमागून खालापूरपर्यंत चाललो आणि एस.टी.त बसलो.

पुढे या वादळांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. ती बंगालात येतात, पंजाबात येतात, इंग्लंड-ऑस्ट्रेलियातही येतात. नकाशावर त्यांच्या खुणा दाट दिसतात त्या पाहणारे आणि लिहिणारे असतात तिथं. इतर ठिकाणी अरुंद पट्टा, थोडी मिनिटं, एखाददुसरं घर. फार तर 'वादळी वाऱ्यानं नुकसान' एवढी ओळ. आमच्या वादळाची तीही मला कुठं सापडली नाही. गावाच्या लेखी ते वादळ नव्हतंच. ती भागी होती.

गेल्या साली कर्जतला उतरून त्या वाटेच्या तोंडापर्यंत गेलो. चहाच्या टपरीवर चौकशी केली. म्हातारी त्याच पावसाळ्यात गेली. महादूनं घर पुन्हा शाकारलं. भागीबाई खोपोलीकडे भावाच्या आश्रयाला आहेत, आणि त्यांच्या हातचं पाणी इकडची माणसं अजून घेत नाहीत, हे टपरीवाल्यानं कप विसळता विसळता सांगितलं. मग त्यानं विचारलं, तुमी नातलग का? मी नाही म्हटलं आणि परतीची गाडी पकडली.

मी भागीबाईंचं एवढं देणं लागतो: महादूच्या अंगणात, त्यांच्यादेखत आणि गावादेखत, उभं राहून म्हणायचं की मी ते पाहिलं होतं, ते वारंच होतं, आणि मी चुकीचं सांगितलं होतं.