हरलेली गावं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे माणसावर लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायलाही कुणी नाही. चुकलं तर माफ करा. पण कोल्हापुरात माझ्या खोलीशेजारी राहणाऱ्या टेम्पोवाल्या काकांइतका कोड्यांत हरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

त्यांची सहा वर्षांची मुलगी घरात अखंड बोलायची आणि परक्यासमोर तोंड उघडायची नाही. जूनमध्ये बाईंशी बोलली नाही तर आणखी वर्षभर बालवाडीतच बसवू, असं शाळेनं सांगितलेलं. तेव्हापासून बापलेक रोज संध्याकाळी कोडी घालू लागले. हरणाऱ्यानं एक गाव द्यायचं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"न विचारता घरात येतंय, पण चप्पल काढत न्हाय."

काका बराच विचार करून म्हणाले, "मांजर."

"मांजराला कुठं चप्पल असत्या?"

"म्हणून तर काढत न्हाय की."

"चुकलं. ऊन हाय ते. गाव दे."

मला तर काकांचंच उत्तर बरोबर वाटायचं. ते मुद्दाम हरायचे की त्यांना खरंच येत नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. इचलकरंजी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुताची पोती भरून काका पोरीसमोर उभे. "बाईसाहेब, तुमच्या इचलकरंजीला जाऊन येऊ का?" तिनं मान हलवेपर्यंत टेम्पो जागचा हलला नाही. एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर तिनं बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी मला कोडं घातलं, मी हरलो. "पावणं, मलकापूर द्या," काका म्हणाले. माझं गाव गेलं. पुढच्या सुट्टीत मलकापूरच्या स्टँडवर उतरताना मला उगाच न विचारता आल्यासारखं वाटत होतं.

मे महिन्यात परीक्षा देऊन मी घरी आलो. जून सरला, तरी विचारायचा धीर होईना. ती बोलली नसेल तर काकांना काय म्हणायचं?

परवा त्यांचाच फोन आला. "बाईंनी नाव विचारलं, गप्प. रंग विचारला, गप्प. म्हटलं, संपलं. तर पोरगी बाईंनाच म्हणती, न विचारता घरात येतंय, पण चप्पल काढत न्हाय."

"मग?"

"बाईबी म्हणाल्या, मांजर. पन्हाळा द्यावा लागला त्यास्नी. पहिलीत घेतलं."

मी भीत भीत विचारलं, माझं मलकापूर परत मिळेल का? फोनमध्ये काकांच्या मागून मोठ्यानं उत्तर आलं, "न्हाय."

ती माझ्याशी बोललेला हा पहिलाच शब्द.